एकट्याने गेम घडवताना : हौशी अभ्यासकासाठी स्वयंशिक्षणाची वाट

संगणकावरील आणि भ्रमणध्वनीवरील खेळ, म्हणजे रूढ शब्दात ‘गेम’, हा आज मनोरंजनाचा सर्वपरिचित प्रकार झाला आहे. हे खेळ खेळणाऱ्यांची संख्या मोठी असली तरी ते घडतात कसे, याविषयी मात्र सर्वसामान्यांना फारशी माहिती नसते. शेकडो तंत्रज्ञांच्या ताफ्याशिवाय गेम तयार होऊच शकत नाही, असा एक समज आहे. एखादा अभ्यासक्रम मोठे शुल्क भरून पूर्ण केला की यश हमखास मिळते, असा दुसरा समज आहे. वस्तुस्थिती या दोहोंपेक्षा वेगळी आहे. घरच्या संगणकावर, नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, स्वतःच शिकून गेम तयार करणारे हौशी निर्माते जगभर आहेत आणि भारतातही आहेत.

भारतातील गेमनिर्मितीच्या कंपन्या प्रामुख्याने बंगळूर, पुणे, हैदराबाद आणि मुंबई या शहरांत एकवटलेल्या आहेत. जयपूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर, सीकरच्या मार्गावर असलेल्या चौमूंसारख्या गावातील, किंवा महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या तरुणाला अशा कंपन्यांचा शेजार लाभत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार चौमूंची लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास होती. अशा मध्यम आकाराच्या गावात राहून ही विद्या आत्मसात करता येईल काय, त्यासाठी किती वेळ आणि किती पैसा लागेल, आणि तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

पटावरून पडद्यावर

खेळांची रचना हा आपल्याकडे परका विषय नाही. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूर शहरातील मुख्य चौकांना ‘बडी चौपड’ आणि ‘छोटी चौपड’ अशी नावे आहेत. चार दिशांना जाणारे रस्ते आणि मधला चौक ही आकृती चौपड किंवा सोंगट्यांच्या खेळातील पटाशी जुळते, आणि त्यावरूनच ही नावे रूढ झाली.

राजस्थान व गुजरातमधील ‘ज्ञानचौपड’ आणि महाराष्ट्रातील ‘मोक्षपट’ हे आजच्या सापशिडीचे पूर्वज मानले जातात. मराठी परंपरा मोक्षपटाचे श्रेय संत ज्ञानेश्वरांना देते. मात्र आज उपलब्ध असलेले पट त्यांच्या काळानंतर बऱ्याच कालावधीने तयार झालेले आहेत. वैष्णव पटावर ७२, तर जैन पटावर ८४ घरे असत. शिडीच्या तळाशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण आणि सर्वांत वर मोक्ष, अशी ही मांडणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये पोहोचला आणि कालांतराने त्यातील तत्त्वज्ञान मागे पडून शंभर घरांचा मुलांचा खेळ उरला.

हा इतिहास नव्या निर्मात्यालाही उपयोगी आहे. मोक्षपट घडविणाऱ्याजवळ यंत्र नव्हते, पण खेळाडू कशामुळे पुढे जाईल, कशामुळे घसरेल आणि शेवटी त्याला काय मिळेल, याचा विचार त्याने केला होता. गेमनिर्मितीचा गाभा हाच आहे. संगणक हे त्यानंतर येणारे साधन होय.

अलवरच्या शिक्षकाचे उदाहरण

संगणकाचे औपचारिक शिक्षण नसताना माणूस किती मजल मारू शकतो, याचे एक ठळक उदाहरण राजस्थानातच आढळते. अलवर येथील शासकीय संस्कृत विद्यालयात गणित शिकविणारे इमरान खान यांनी विद्यार्थ्यांसाठी प्रथम एक संकेतस्थळ तयार केले. भावाची संगणकशास्त्राची पुस्तके आणि महाजालावरील माहिती यांच्या आधारे ते शिकत गेले. पुढे तत्कालीन जिल्हाधिकाऱ्यांनी भ्रमणध्वनीसाठी उपयोजने, म्हणजेच अॅप, तयार करण्याचे सुचविले, तेव्हा त्यांनी तेही तंत्र स्वतःच आत्मसात केले. पन्नासहून अधिक शैक्षणिक अॅप तयार करून त्यांनी ती विनामूल्य उपलब्ध करून दिली. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी लंडनमधील वेम्बली मैदानावर झालेल्या भाषणात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यांचा नामोल्लेख केला आणि हे काम देशभर परिचित झाले.

इमरान खान यांची अॅप ही प्रामुख्याने अभ्यासाची साधने होती. पडद्यावर धावणाऱ्या नायकांचे खेळ नव्हेत. तरीही त्यांच्या कामातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, आपला वापरकर्ता कोण, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तो त्यांच्या वर्गातच बसलेला होता. दुसरी म्हणजे, त्यांनी एकाच भव्य प्रकल्पात वर्षानुवर्षे न गुंतता लहान लहान कामे पूर्ण केली आणि प्रत्येक कामातून पुढच्या कामाचे शिक्षण घेतले.

गेमचे घटक कोणते ?

कोणत्याही गेममध्ये पाच प्रकारचे काम असते : खेळाचे नियम ठरविणे, ते नियम संगणकाला समजतील अशा आज्ञावलीत लिहिणे, चित्रे तयार करणे, ध्वनी व संगीत योजणे आणि चाचणी घेणे. मोठ्या कंपनीत या प्रत्येक कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. एकट्या निर्मात्याला पाचही कामे थोडीथोडी यावी लागतात. मात्र पाचांमध्ये निष्णात असण्याची गरज नसते. ज्याचा हात चित्रकलेत चालत नाही, त्याने साध्या चौकोनांवर आणि गोलांवर आधारलेला खेळ निवडावा. ज्याला लेखन जमते, त्याने कथाप्रधान खेळाकडे वळावे.

आज्ञावलीच्या दृष्टीने गेम म्हणजे एक अखंड फिरणारे चक्र होय. खेळाडूने कोणती कळ दाबली किंवा पडद्यावर कोठे स्पर्श केला, ते वाचणे. त्यानुसार खेळातील वस्तूंची स्थिती बदलणे. आणि नवे चित्र पडद्यावर रेखाटणे, ही तीन कामे चक्राच्या प्रत्येक फेऱ्यात होतात. सर्वसाधारणपणे असे साठ फेरे दर सेकंदाला होतात. म्हणजे एका फेऱ्यासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात.

येथेच नवशिक्याची पहिली गफलत होते. प्रत्येक फेऱ्यात पात्र पाच बिंदू पुढे सरकवावे, असे त्याने लिहिले, तर साठ फेरे घेणाऱ्या संगणकावर ते सेकंदाला ३०० बिंदू धावते आणि तीस फेरेच घेऊ शकणाऱ्या जुन्या संगणकावर १५० बिंदू. एकच खेळ दोन घरांत दोन वेगांनी चालतो. म्हणून वेग हा ‘दर सेकंदाला इतके बिंदू’ असा ठरवून, त्याला मागील फेऱ्यापासून गेलेल्या वेळेने गुणावे लागते. शालेय भौतिकशास्त्रातील अंतर, वेळ आणि वेग यांचे सूत्र येथे प्रत्यक्ष कामी येते. पुढे त्रिकोणमिती, सदिश आणि संभाव्यता यांचीही गरज भासते. परंतु ती टप्प्याटप्प्याने, आणि बहुतांशी दहावी-बारावीच्या पातळीपर्यंतच.

साधनांची निवड

पूर्वी प्रत्येक निर्मात्याला चित्र रेखाटण्यापासून टक्कर ओळखण्यापर्यंतची सर्व यंत्रणा स्वतः लिहावी लागे. आता ही यंत्रणा तयार स्वरूपात मिळते. तिला ‘गेम इंजिन’ म्हणतात. हौशी अभ्यासकापुढे मुख्यतः पुढील पर्याय असतात.

स्क्रॅच : अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने २००७ मध्ये मुलांसाठी आणलेली ही प्रणाली आहे. तिच्यात आज्ञा टंकित न करता रंगीत ठोकळे जोडून खेळ तयार करता येतो. शाळकरी वयात प्रारंभ करणाऱ्यांसाठी ती योग्य आहे.

गोडो : अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी विकसित केलेले हे इंजिन २०१४ मध्ये मुक्तस्रोत झाले. त्याच्या वापरासाठी कोणतेही शुल्क किंवा उत्पन्नातील वाटा द्यावा लागत नाही. त्याचा आकार तुलनेने लहान असून द्विमितीय खेळांसाठी साधा, जुना संगणकही चालतो.

युनिटी : २००५ मध्ये डेन्मार्कमधील कंपनीने आणलेले हे इंजिन भ्रमणध्वनीवरील खेळांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यासाठी सी-शार्प ही भाषा शिकावी लागते. ठरावीक उत्पन्नमर्यादेपर्यंत ते विनामूल्य आहे.

अनरिअल : मुख्यतः भव्य त्रिमितीय खेळांसाठीचे इंजिन. एखाद्या खेळाचे एकूण उत्पन्न दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्यानंतरच त्यावर हक्कशुल्क द्यावे लागते. मात्र त्याला शक्तिशाली संगणक लागतो.

निवड करताना परवान्याच्या अटी वाचणे अत्यावश्यक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी कंपनीने, खेळ जितक्या वेळा उतरवून घेतला जाईल त्या प्रमाणात शुल्क आकारण्याची घोषणा केली, तेव्हा जगभरातील लहान निर्मात्यांमध्ये खळबळ उडाली. वर्षभरानंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये, कंपनीने ही योजना मागे घेतली. परंतु दुसऱ्याच्या मालकीच्या साधनावर वर्षांची मेहनत उभी असेल, तर त्याच्या अटी बदलल्यास काय होऊ शकते, हे त्या वर्षी सर्वांच्या लक्षात आले. मुक्तस्रोत साधनांकडे अनेकांचा ओढा वाढला तो त्यामुळेच.

इंजिनांची तुलना करण्यात महिनोन्‌महिने घालविणारेही बरेच असतात. प्रारंभी कोणतेही एक घ्यावे आणि त्यात किमान तीन लहान खेळ पूर्ण करावेत. एका इंजिनातील मूलभूत संकल्पना समजल्या की दुसऱ्याकडे वळणे अवघड जात नाही.

पहिला धडा : सापशिडी

पहिला खेळ कोणता करावा, यावर पुढचा सर्व प्रवास अवलंबून असतो. हजारो खेळाडू एकाच वेळी खेळतील असा विशाल खेळ पहिल्याच प्रयत्नात हाती घेणारे बहुसंख्य अभ्यासक काही महिन्यांत थकून थांबतात. त्याऐवजी सापशिडी घ्यावी. नियम सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे सगळे लक्ष रचनेवर देता येते.

शंभर घरांच्या पटावर पहिली ओळ डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उजवीकडून डावीकडे जाते. समजा, सोंगटी ३७ क्रमांकाच्या घरात आहे. ती पडद्यावर नेमकी कोठे दाखवावी ? ३७ मधून एक वजा करून दहाने भागल्यास भागाकार ३ आणि बाकी ६ येते. भागाकार ३ म्हणजे खालून चौथी ओळ. भागाकार विषम असल्याने ही ओळ उजवीकडून सुरू होते. बाकी ६ म्हणजे त्या ओळीतील सातवे घर. अर्थात उजवीकडून सातवे, डावीकडून चौथे. हे गणित एकदा आज्ञावलीत लिहिले की शंभरही घरे योग्य जागी येतात. साप आणि शिड्यांसाठी स्वतंत्र आज्ञा लिहिण्याची गरज नसते. ‘या घरातून त्या घरात’ अशी जोड्यांची एक यादी पुरते. नियम आणि माहिती वेगवेगळ्या ठेवाव्यात, हा आज्ञावलीलेखनातील मोलाचा धडा येथे आपोआप गिरविला जातो.

त्यानंतर रचनेचे प्रश्न उभे राहतात. सोंगटी ९७ वर असताना पाच पडले तर काय करायचे ? जागेवरच थांबवायची, की शंभरावरून मागे फिरवायची ? पहिल्या नियमाने शेवट लांबतो आणि दुसऱ्याने चुरस वाढते. ९९ व्या घरात साप ठेवला तर खेळाडू हसेल की चिडेल ? असे निर्णय घेताना अभ्यासक आज्ञावलीकाराच्या भूमिकेतून खेळरचनाकाराच्या भूमिकेत शिरतो.

सापशिडीनंतर चेंडू आणि फळीचा खेळ, त्यानंतर उड्या मारत अडथळे पार करण्याचा खेळ, असा क्रम ठेवावा. पहिल्यातून क्रमवारी आणि यादी, दुसऱ्यातून टक्कर ओळखणे आणि तिसऱ्यातून गुरुत्वाकर्षण व हालचाल समजते. दररोज एक तास देणाऱ्या व्यक्तीने या तीन खेळांसाठी सहा महिन्यांची मुदत धरावी. प्रत्येक खेळाला प्रारंभीचा पडदा, गुणसंख्या, आवाज आणि बाहेर पडण्याची सोय असावी. कारण ‘पूर्ण करणे’ हे स्वतंत्र कौशल्य असून ते पूर्ण करूनच अंगी बाणते.

शिकण्यासाठी मराठीतूनही काही सामग्री उपलब्ध आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुक्त संगणकप्रणालींवरील अनेक दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह विविध भारतीय भाषांत विनामूल्य मिळतात. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या शिक्षणमंचावर आज्ञावलीलेखनाचे प्राथमिक अभ्यासक्रम आहेत. इंजिनांची मूळ माहितीपुस्तिका मात्र प्रामुख्याने इंग्रजीत असते आणि ती वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते. चित्रफीत पाहून जसेच्या तसे उतरविल्यास खेळ चालतो, पण विद्या येत नाही. प्रत्येक पाठानंतर चित्रफीत बंद करून त्याच खेळात एक बदल स्वतःच्या मनाने करून पाहावा.

मराठी अक्षरांचा प्रश्न

मराठीतून खेळ तयार करू पाहणाऱ्यांपुढे एक अडचण अशी येते की, जिचा उल्लेख इंग्रजी पुस्तकांत क्वचितच असतो. संगणकाच्या स्मृतीत ‘कि’ हे अक्षर आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमाने साठविलेले असते. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसावी लागते. ‘र्क’ मधील रफार उच्चारात आधी येतो, पण लिहिताना पुढच्या अक्षरावर चढतो. ‘क्ष’, ‘त्र’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे दोन व्यंजने आणि हलन्त यांच्या संयोगाने साकारतात. ही जुळणी करणारी स्वतंत्र यंत्रणा इंजिनात नसेल, तर शब्द मोडलेले दिसतात : वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरांच्या जागी लोंबणारे पाय.

लोकप्रिय इंजिनांमध्ये ही सोय बराच काळ अपुरी होती. त्यामुळे अनेक भारतीय निर्मात्यांनी मजकूर चित्ररूपात चिकटविण्याचा किंवा सरळ रोमन लिपी वापरण्याचा मार्ग पत्करला. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडोच्या चौथ्या आवृत्तीत ‘हार्फबझ’ या मुक्तस्रोत प्रणालीच्या साहाय्याने देवनागरीसह जटिल लिप्यांची जुळणी अंतर्भूत झाली. अनरिअलमध्येही हीच प्रणाली वापरली जाते. युनिटी वापरणाऱ्यांनी आपल्या आवृत्तीत कोणता मजकूर-घटक देवनागरीची योग्य जुळणी करतो, याची खात्री प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

फॉन्टच्या बाबतीत परिस्थिती समाधानकारक आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’, तसेच गुगलचा ‘नोटो’ हे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात व ते खेळात समाविष्ट करता येतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीतील वळणाहून भिन्न असतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपे दिलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदविल्यास योग्य रूप निवडले जाते. चाचणीसाठी ‘शक्ती’, ‘विठ्ठल’, ‘सह्याद्री’, ‘दुसऱ्या’ आणि ‘निर्मिती’ हे पाच शब्द पडद्यावर उमटवून पाहावेत. हे पाचही बिनचूक दिसले तर बहुतेक मजकूर नीट दिसतो.

हा केवळ सौंदर्याचा मुद्दा नव्हे. लहान मुले जी अक्षरे खेळताना तासन्‌तास पाहतात, तीच त्यांच्या डोळ्यांत बसतात. मराठीतील खेळ मोडक्या अक्षरांत किंवा रोमन लिपीतच निघत राहिले, तर या माध्यमातून मुलांना आपल्या लिपीची ओळख होणार नाही.

चित्रे, ध्वनी आणि स्वामित्वहक्क

महाजालावर सापडलेले चित्र किंवा चित्रपटगीताचा तुकडा खेळात वापरणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. विनामूल्य वितरणामुळे तो दोष आपोआप टळत नाही. त्याऐवजी मुक्त परवान्याची सामग्री वापरावी. ‘ओपन गेम आर्ट’ हा संग्रह २००९ पासून उपलब्ध आहे. नेदरलँड्समधील ‘केनी’ या नावाने प्रसिद्ध होणारे चित्रसंच सर्व हक्क सोडून दिलेल्या परवान्याखाली आहेत. काही परवान्यांत कलावंताचे नाव देणे बंधनकारक असते; म्हणून प्रत्येक चित्राचा व ध्वनीचा स्रोत आणि परवाना यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

स्वतः सामग्री तयार करण्यासाठी द्विमितीय चित्रांकरिता क्रिता आणि इंकस्केप, त्रिमितीय आकारांकरिता ब्लेंडर आणि ध्वनीकरिता ऑडॅसिटी ही विनामूल्य साधने आहेत. परिसरातील वास्तू आणि ध्वनी ही तर हाताशी असलेली संपत्ती होय. चौमूंचा राजवाडा ‘भूलभुलैया’ या २००७ च्या हिंदी चित्रपटामुळे देशभर पाहिला गेला. दालने, जिने, झरोके आणि सज्जे यांची अशी मांडणी शोधखेळासाठी उत्तम नकाशा पुरवते. महाराष्ट्रातील गढ्या, वाडे आणि किल्ले यांच्या बाबतीतही तेच म्हणता येईल.

व्याप आणि काळ

एकट्याने केलेल्या प्रसिद्ध खेळांची उदाहरणे वारंवार दिली जातात, पण त्यामागील काळाचा हिशेब सांगितला जात नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवर आधारित खेळ अमेरिकेतील एरिक बरोन यांनी एकट्याने तयार केला. आज्ञावली, चित्रे, संगीत आणि कथा हे सर्व त्यांचेच होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो प्रकाशित होण्यापूर्वी त्यांना सुमारे साडेचार वर्षे लागली. या काळात एका नाट्यगृहात अर्धवेळ काम करून आणि घरच्यांच्या आधारावर त्यांनी निर्वाह केला. या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. परंतु असे यश अपवादात्मक असते.

याउलट व्हिएतनाममधील डाँग न्युएन यांचा ‘फ्लॅपी बर्ड’ हा अगदी छोटा खेळ होता. २०१३ मध्ये प्रकाशित झालेला हा खेळ पुढील वर्षाच्या प्रारंभी अकस्मात जगभर गाजला. प्रसिद्धीचा ताण असह्य होऊन त्यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये तो स्वतःहून मागे घेतला. कॅनडातील एका अनाम निर्मात्याचा ‘बालात्रो’ हा पत्त्यांवर आधारित खेळ २०२४ मध्ये यशस्वी झाला. तोही मुक्तस्रोत साधनांवर तयार केलेला होता.

भारतात अर्मान संधू यांनी एकट्याच्या बळावर ‘रेनस्वेप्ट’ (२०१९) आणि ‘फरगॉटन फील्ड्स’ (२०२१) हे कथाप्रधान खेळ तयार केले. त्यांपैकी दुसऱ्यावर गोव्याच्या किनारपट्टीच्या वातावरणाची छाया आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये जगभर प्रकाशित झाला. तो एकट्याचा प्रयत्न नव्हता. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी ठरला होता; तरीही काम चालू राहिले आणि तीन वर्षांनी ते पूर्णत्वास गेले. भारतीय वास्तुकला आणि पुराणकथा यांवर बेतलेला खेळ परदेशी रसिकांनाही भावतो, हे त्यातून दिसून आले.

व्याप आटोक्यात ठेवण्याचा व्यवहार्य उपाय म्हणजे ठरावीक मुदतीची स्पर्धा. २००२ पासून चालत आलेल्या ‘लुडम डेअर’ आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्लोबल गेम जॅम’ यांसारख्या उपक्रमांत दोन-तीन दिवसांत एक छोटा खेळ पूर्ण करायचा असतो. त्यामुळे अनावश्यक गोष्टी गाळण्याची सवय लागते.

केलेले काम सुरक्षित ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. वर्षभराचे काम एकाच संगणकात असेल, तर वीजपुरवठ्यातील एक बिघाड ते नष्ट करू शकतो. ‘गिट’ या विनामूल्य प्रणालीद्वारे प्रत्येक दिवसाची आवृत्ती नोंदवून तिची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवता येते. हे तंत्र पहिल्याच आठवड्यात शिकावे.

चाचणीसाठी घरातील आणि शेजारची माणसे बोलवावीत. चाचणी घेताना निर्मात्याने गप्प बसावे, हा एकच नियम पाळणे कठीण जाते. खेळाडू कोठे अडखळला, कोठे कंटाळला आणि कोठे पुन्हा खेळावेसे वाटले, याची नोंद घ्यावी. समजावून सांगावे लागले, तर दोष खेळाडूत नसून खेळात आहे, असे समजावे.

प्रकाशन आणि उत्पन्न

खेळ लोकांपर्यंत पोहोचविण्याचे मार्ग आज सर्वांना खुले आहेत. ‘इच’ या २०१३ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर खेळ ठेवण्यासाठी शुल्क नाही. नवशिक्यांसाठी ते उत्तम ठिकाण आहे. अँड्रॉइडच्या ‘प्ले स्टोअर’वर एकदाच २५ डॉलर नोंदणीशुल्क भरावे लागते. नव्या वैयक्तिक खातेधारकांना प्रकाशनापूर्वी किमान बारा परीक्षकांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घेण्याची अट आहे. संगणकावरील खेळांच्या ‘स्टीम’ या बाजारपेठेत प्रत्येक खेळासाठी १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतील साधारण ३० टक्के वाटा बाजारपेठेकडे जातो. आयफोनसाठी वार्षिक ९९ डॉलर आकारले जातात.

मार्ग खुले असल्यामुळेच गर्दीही मोठी आहे. एकट्या ‘स्टीम’वर २०२४ या वर्षात १८ हजारांहून अधिक खेळ प्रकाशित झाले. त्यांतील बहुसंख्य खेळांना अत्यल्प खरेदीदार मिळतात. म्हणून पहिल्या काही खेळांतून उत्पन्नाची अपेक्षा ठेवू नये. या विद्येसाठी शिक्षण किंवा नोकरी सोडणे अथवा कर्ज काढून महागडा अभ्यासक्रम स्वीकारणे धोक्याचे आहे. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींची शहानिशा करावी. त्या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी प्रत्यक्षात कोणते खेळ पूर्ण केले, हे पाहिल्यास बरेच काही कळते.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. असे खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ई-क्रीडा आणि पैजविरहित सामाजिक व शैक्षणिक खेळांना मात्र त्यात प्रोत्साहनाची भूमिका आहे. लुडो किंवा रमीसारखा खेळ तयार करणाऱ्याने त्यात खऱ्या पैशांची पैज येणार नाही, याची दक्षता घ्यावी. तसेच २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. लहान निर्मात्याने खेळाडूंची वैयक्तिक माहिती मुळात गोळाच करू नये, हे सर्वांत सोपे.

पुढील वाट

शासकीय पातळीवर या क्षेत्राची दखल आता घेतली जात आहे. राजस्थान शासनाने डिसेंबर २०२४ मध्ये, तर महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, दृश्यपरिणाम व गेमनिर्मिती यांविषयीचे धोरण स्वीकारले. मे २०२५ मध्ये मुंबईत ‘वेव्हज्’ ही दृक्‌श्राव्य क्षेत्राची जागतिक परिषद भरली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या संकुलाचे उद्घाटन झाले. या योजनांचा लाभ लहान गावांतील एकट्या अभ्यासकापर्यंत कितपत पोहोचतो, यावर त्यांचे खरे मोल ठरेल.

तोवर अशा अभ्यासकाच्या हाती एक साधा संगणक, विनामूल्य साधने, दिवसाचा एक तास आणि परिचयाचा एखादा खेळ एवढे भांडवल असते. यातून उपजीविका होईलच असे नाही. परंतु तर्कशुद्ध विचार, चिकाटी, चित्र-ध्वनींची जाण आणि हाती घेतलेले काम तडीस नेण्याची सवय ही मिळकत निश्चित असते, आणि ती संगणकाशी संबंधित अन्य कोणत्याही कामात उपयोगी पडते. शिवाय आपल्या गावच्या मुलांना आपल्या लिपीत, आपल्या परिसराचा एक खेळ खेळावयास मिळतो. सापशिडीचे शंभर घरांचे गणित ज्याने एकदा पूर्ण केले, त्याला पुढचा खेळ कोणता करायचा, हे सहसा कोणी सांगावे लागत नाही.